शिधा आणि शिजलेले अन्न : मराठी ख्रिस्ती प्रीतीचे एक वाचन

मराठी ख्रिस्ती लेखनाविषयी बोलताना आपल्याकडे सेवा, त्याग आणि करुणा हे शब्द इतक्या सवयीने येतात की मूळ शब्द बाजूलाच राहतो. तो शब्द आहे प्रीती. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मराठी ख्रिस्ती घरांत प्रीतीचा अध्याय म्हणूनच ओळखला जातो. मूळ ग्रीक शब्द आगापे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात त्या जागी ‘चॅरिटी’ होता. पुढे इंग्रजीत चॅरिटीचा अर्थ दानधर्मापुरता उरला आणि नंतरच्या भाषांतरकारांना तो शब्द बदलून ‘लव्ह’ घालावा लागला. मराठीत दया, दान, भूतदया, परोपकार असे रुळलेले शब्द हाताशी होते. भूतदयेला तर वारकरी परंपरेचे केवढे पाठबळ. तरीही मराठी बायबलात प्रीती आली आणि टिकली.

ही निवड मला महत्त्वाची वाटते. दया वरून खाली जाते. दान देणाऱ्याच्या हातून सुटले की देणारा मोकळा होतो. प्रीतीला मात्र समोरच्याची बरोबरी लागते आणि त्याच्याकडून काही घेण्याची तयारी लागते. आपल्या समाजात ही बरोबरी जोखायची जागा कोणती, असे विचारले तर माझे उत्तर एकच आहे : चूल. गावगाड्यात कोरडा शिधा सगळ्या जातींत फिरत असे. तांदूळ, डाळ, पीठ, गूळ कोणीही कोणाला द्यावे, अडचण नव्हती. अडचण पाण्याची आणि शिजलेल्या अन्नाची. शिधा देणारा दाता ठरतो, पण दुसऱ्याच्या हातचे शिजलेले खाणारा त्याचा सोबती होतो. मराठीतल्या ख्रिस्ती प्रीतीचे साहित्य वाचताना मी हाच निकष लावते : या पुस्तकात नुसता शिधा दिला जातो, की कोणी कोणाच्या हातचे खातेही?

याला जोडून दुसरा शब्द शेजारी. शेजाऱ्यावर स्वतःसारखे प्रेम करावे ही ख्रिस्ती धर्मातली मध्यवर्ती आज्ञा. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशू चोरांनी लुटून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूची गोष्ट सांगतो. याजक बघून पुढे जातो, लेवी बघून पुढे जातो, आणि ज्याला यहुदी परका मानत असा शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, खर्चाची सोय करतो. गोष्ट संपल्यावर येशू प्रश्न उलटा करतो : या तिघांत त्याचा शेजारी कोण झाला? शेजारी असणे आणि शेजारी होणे यांतला हा फरक आहे.

मराठी वाचकाला ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. आपल्याकडे शेजारधर्म हा शब्द आधीपासूनच आहे, आणि सुंदर आहे. विरजण देणे, बाळंतिणीला मदत करणे, रात्री-अपरात्री धावून जाणे हे सगळे त्यात येते. पण जुन्या गावात शेजारी म्हणजे आपल्याच आळीतला, म्हणजे बहुतेक वेळा आपल्याच जातीचा. ब्राह्मण आळीचा शेजारधर्म महारवाड्यापर्यंत जात नसे. त्याची हद्द वस्तीच्या रचनेनेच आखून दिलेली होती. भाषांतरात शब्द बरोबर आला, पण त्याच्याबरोबर मराठी गावाचा नकाशाही आला. शोमरोन्याच्या गोष्टीला मराठीत खरा विरोध करतो तो हा नकाशा.

मी दिघ्यात राहते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमागे डोंगराच्या उतारावर वसलेल्या वस्तीत हा नकाशा मोडलेला दिसतो. एका भिंतीपलीकडे मराठवाड्यातले कुटुंब, दुसऱ्या भिंतीपलीकडे उत्तर प्रदेशातले, समोर तमिळ. खोल्या इतक्या चिकटून की कोणाच्या घरात कसली फोडणी पडली ते सगळ्यांना कळते. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गल्लीत शिध्याची पाकिटे पुष्कळ आली. संस्थांची आली, पक्षांची आली, देवळांची आणि प्रार्थनागृहांचीही आली. पाकीट देतानाचे फोटो निघाले. पण ताप आलेल्या माणसाच्या दारात शिजवलेला भात घेऊन जाणाऱ्या दोन-तीनच बाया होत्या. त्यांतली एक रविवारी भाड्याच्या खोलीतल्या प्रार्थनेला जाणारी होती, एक नव्हती. शिधा आणि शिजलेले अन्न हा भेद मला ग्रंथात सापडला त्याआधी तिथे दिसला होता, एवढ्यासाठी हे सांगितले. आता पुस्तकांकडे.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतो. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहतात, ऐकतात. पुढे यमुना स्वतःच विधवा होते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. पुस्तकाचा हेतू उघड आहे आणि त्या काळाच्या मानाने धाडसी आहे. विधवेला तिची हकीकत तिच्या तोंडाने सांगू देणे हीच मोठी गोष्ट. तरीही प्रीतीच्या अंगाने वाचले तर उणीव जाणवते. यमुना ऐकते, कळवळते, उपदेश करते आणि पुढच्या मुक्कामाला निघते. ती कोणाच्या घरी राहिली आणि तिथे नडली, भांडली, ऋणी झाली, असे होत नाही. विधवा एकामागून एक येतात त्या उदाहरणे म्हणून. पदमनजींना समाजाची शहानिशा करायची होती आणि ती त्यांनी केली. त्यांच्या पुस्तकातली करुणा मात्र प्रवासी करुणा आहे. ती मुक्कामी आली ती पाऊणशे वर्षांनी, ज्या बाईने शाळा पाहिली नव्हती तिच्या लेखनात.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर. या पुस्तकाचे कौतुक आपण भरपूर केले आहे, पण ते एका साच्यात केले आहे. विनोद, प्रांजळपणा, बोलीची सहजता, नवराबायकोच्या भांडणांची गंमत. पाठ्यपुस्तकांनीही बहुतेक गमतीचेच उतारे उचलले. ख्रिस्ती वाचकांनी त्यात एका कुटुंबाच्या धर्मांतराची साक्ष वाचली, स्त्रीवादी वाचकांनी एका बाईची घडण वाचली. ही सगळी वाचने खरी आहेत. माझे म्हणणे इतकेच की ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीत ख्रिस्ती प्रीतीवर लिहिलेले सर्वांत गंभीर पुस्तक आहे, आणि ते तसे आहे याचे कारण लेखिका प्रीतीची व्याख्या करायला जात नाही. कोण जेवले, कोणी रांधले, कोणी उष्टी काढली आणि पैसे कुठून आले, हे सांगते.

सुरुवातच सोवळ्याने होते. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे वेडाच्या टोकाला गेलेले. बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल. वाचताना हसू येते, आणि लेखिकेला ते यावे असेच वाटते. पण हे हसू तिच्या पुढच्या प्रवासाचे मोजमाप आहे. जगाचा स्पर्श धुऊन काढल्याशिवाय तोंडात घास जाऊ नये अशा घरात ती वाढली. शेजारी ही जिथे मुळातच धोक्याची वस्तू, अशा घरातून निघून ती कुठवर पोचली हे मोजायचे तर त्या धुतलेल्या मिठापासून मोजावे लागते.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्यानंतरची काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पंढरपुरात बहीण भिकुताई आणि मेहुणे पेंडसे यांच्या घरी. या भागाकडे ख्रिस्ती वाचक घाईने पाहतात, कारण त्यांना पुढचा बाप्तिस्मा गाठायचा असतो. पण प्रीतीची खरी कसोटी इथे आहे आणि ती पार पाडणारी माणसे हिंदू आहेत. नवरा बाटला म्हणून जिला गाव नावे ठेवते, जिच्यामुळे घराकडे बोटे दाखवली जातात, तिला मुलासकट घरात ठेवून घेणे हा पंढरपुरासारख्या क्षेत्रात साधा शेजारधर्म नव्हता. लक्ष्मीबाई हे ऋण लपवत नाहीत, आणि ख्रिस्ती झाल्यावर मागे वळून त्या घराला अंधारातही ढकलत नाहीत. प्रचारकी आत्मचरित्रात पूर्वायुष्य काळे रंगवले की पुढचे आपोआप उजळ दिसते. ती सोय त्यांनी नाकारली. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा हे पुस्तक धर्मांतराच्या इतर कथनांपासून वेगळे काढावे लागेल.

पुढे त्या अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) टिळकांकडे परत आल्या, पण ब्राह्मण म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कायम. टिळकांनी ते चालू दिले. त्यांच्याविषयी लिहिणारे त्यांच्या कवितेतली भक्ती सांगतात, तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो हे त्यांचे म्हणणे सांगतात. मला त्यांची प्रीती सर्वांत जास्त दिसते ती या वेगळ्या चुलीला दिलेल्या मोकळीकीत. तापट माणूस. स्वतःला सत्य सापडले अशी खात्री, बायकोने ते घ्यावे ही तळमळ, आणि तरीही तिच्या पाण्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याच्या मनात आपण घुसायचे नाही, दार त्याने आतून उघडायचे, हा संयम त्यांच्या स्वभावाला धरून नव्हता. म्हणूनच त्याची किंमत अधिक.

आणि दार आतूनच उघडले. जात देवाने केली की माणसाने, या प्रश्नाचा उलगडा लक्ष्मीबाईंनी नवऱ्याशी वाद घालून केला नाही, स्वतःशी विचार करून केला. निर्णय झाला तो कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पुस्तकात ज्या वजनाने हा खाण्यापिण्याचा निर्णय येतो ते पाहता माझे मत असे की लेखिकेच्या दृष्टीने पहिला बाप्तिस्मा हाच. मिशनच्या वहीत त्याची तारीख नसणार. आयुष्यभर धुतलेल्या मिठावर वाढलेल्या बाईने दुसऱ्याच्या हातचे पाणी पिणे म्हणजे त्याला काही देणे नव्हे, त्याच्याकडून घेणे आहे. प्रीतीचा हा घेण्याचा भाग धर्मोपदेशांत फारसा येत नाही. देणाऱ्याला पुण्य मिळते, घेणाऱ्याला नम्र व्हावे लागते. उपदेशकाला पहिले सांगणे सोपे जाते.

पुढचे संसारचित्र वाचताना घर किती माणसांचे आहे हेच कळेनासे होते. दुष्काळ आणि प्लेगचा तो काळ. पोरकी मुले, शिकायला आलेली मुले, आजारी, पाहुणे, कवी. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, याच घरात राहिले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातली त्यांची जागा कमी झाली नाही. टिळक माणसे आणत, लक्ष्मीबाई त्यांना जेवू घालत. या वाक्यात पुस्तकाचा अर्धा विनोद आहे आणि अर्धे दुःखही.

कारण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरज दिसली की खिसा रिकामा. हे वाचून आपण म्हणतो, केवढा उदार माणूस. लक्ष्मीबाईही म्हणतात. पण त्या लगेच पुढचेही सांगतात : मग घरात काय होते आणि काय नव्हते, आणि त्यांनी काय युक्ती केली. उदार पुरुषाच्या मागे हिशेब ठेवणारी बाई उभी असते, आणि तिच्या हिशेबाला त्याच्या औदार्याइतके नाव मिळत नाही. संतांच्या चरित्रांत हे आपल्याला नवे नाही. तुकारामांच्या आवलीला कजाग म्हणून आपण किती पिढ्या हसलो! फरक असा की आवलीने लिहिले नाही, लक्ष्मीबाईंनी लिहिले. मराठीत पहिल्यांदाच एका भक्ताच्या प्रीतीचा खर्च, तो खर्च सोसणाऱ्या माणसाने मांडला. आणि तो तक्रारीच्या सुरात मांडला नाही, म्हणून आपल्याला तो खर्च दिसलाच नाही.

या ठिकाणी मला टिळकांविषयी थोडे कठोर बोलावेसे वाटते. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी ख्रिस्ती संन्यास घेतला, मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारला. कल्पना मोठी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही त्यात जागा होती. मिशनच्या कुंपणाबाहेरचे, परदेशी पैशावर न जगणारे ख्रिस्तीपण त्यांना हवे होते. दीड-पावणेदोन वर्षांत, ९ मे १९१९ ला ते गेले. त्यांचे चरित्र सांगताना हा काळ शिखर म्हणून येतो. पण संन्यास घेणारा संसारी असेल तर त्याच्या संन्यासाचा निम्मा भार दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर जातो. जगावर प्रीती करणाऱ्याने घरातल्या शेजाऱ्याला विचारायचे असते की नाही, हा प्रश्न टिळकांच्या कवितेत नाही. तो ‘स्मृतिचित्रां’त आहे, शब्द न उच्चारता. आणि तरीही याच बाईने नवऱ्याने अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य नंतर पुरे केले. ते १९३८ साली, त्याही गेल्यानंतर प्रसिद्ध झाले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत सांगण्याचे काम सोळाव्या शतकात गोव्याला आलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’पासून चालत आलेले, १६१६ पासूनचे. त्या रांगेतली ही स्वयंपाकघरातून आलेली बाई. ‘ख्रिस्तायना’चे समीक्षकांनी जवळजवळ काहीच केलेले नाही हे जाता जाता नोंदवते.

आता जो आक्षेप टाळता येणार नाही त्याकडे वळते. ख्रिस्ती प्रीती म्हणजे धर्मांतराचे आमिष, असा आरोप आजही होतो, आणि तो आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्याच वर्षी ते पुण्याला आणले. तिथे हिंदू मुलींना त्यांचे आचार पाळण्याची, त्यांच्या स्वयंपाकाची वेगळी सोय होती. तरी १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती धर्माकडे झुकत असल्यावरून गदारोळ झाला आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखी सुधारक माणसेही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. हा आरोप झिडकारणे प्रामाणिकपणाचे नाही. प्रार्थनेचे दार सगळ्यांना उघडे ठेवले म्हणजे दडपण नसतेच असे नव्हे. निराधार मुलीला ज्या घरात अन्न मिळते त्या घराचा देव तिला आपला वाटू लागणे साहजिक आहे. दुष्काळातल्या धर्मांतरांना तर हे अधिकच लागू.

पण याच रमाबाईंकडे पाहिले तर उत्तर आरोप करणाऱ्यांना आणि बचाव करणाऱ्यांनाही अवघड जाते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने रस्त्यावर आलेल्या मुली केडगावला घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळानंतर मुक्ती मिशनमधल्या मुली-बायकांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्यांच्याबरोबर त्या राहिल्या. विणकाम, शेती, छापखाना ही कामे बायकांच्या हाती दिली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे भाषांतर याच बायकांनी छापले. ते १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी बाहेर आले. साध्या बाईला कळेल अशी मराठी हा त्यामागचा हट्ट होता. आणि १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिले, तेव्हा त्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांच्या कारभारावर बोट ठेवत होत्या. ज्यांचा धर्म घेतला त्यांच्यापुढेही मान न तुकवणारी बाई ही. इंग्लंडमध्ये असताना सुद्धा आपल्या जेवणाच्या रीती, शाकाहार त्यांनी सोडला नव्हता, यावरून तिथल्या जोगिणींशी त्यांचा पत्रव्यवहार झाला होता. म्हणजे पुन्हा चूलच! लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याच्या हातचे खाऊन जे सिद्ध केले, ते रमाबाईंनी गोऱ्या ख्रिस्ती ताटातले नाकारून केले. दोन्हीकडे प्रश्न बरोबरीचा. जिथे वरचढपणा आपला तिथे घ्यायचे, जिथे तो दुसऱ्याचा तिथे नाकारायचे.

आमिषाच्या आरोपाला माझ्या मते एकच कसोटी आहे : समोरचा आपला झाला नाही तर ताट उचलले जाते का? ‘स्मृतिचित्रां’त ते उचलले जात नाही. प्रत्येक मिशनबद्दल असे म्हणता येईलच असे नाही, आणि प्रत्येक मठ-मंदिराबद्दलही नाही.

ही कसोटी ख्रिस्ती मंडळींबाहेरही कोणी पार केली का, हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे ऋण त्यांनी मानले, पण चर्चमध्ये गेले नाहीत. १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक कुटुंब कल्पिले आहे, ज्यात नवरा, बायको, मुलगा, मुलगी यांनी आपापल्या विचाराने वेगवेगळे धर्म स्वीकारले तरी प्रेमाने एकत्र राहावे. वाचणाऱ्यांना ती कल्पनेची भरारी वाटली असेल. पण अवघ्या आठ-नऊ वर्षांत नगरला टिळकांच्या घरी एक ख्रिस्ती नवरा आणि एक सोवळ्यातली ब्राह्मण बायको दोन चुली मांडून राहत होती. फुल्यांचे ते पान आणि लक्ष्मीबाईंचे हे प्रकरण शेजारी ठेवून वाचायला हवे. आणि सावित्रीबाई : १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्याच साथीने १० मार्चला गेल्या. शोमरोन्याची गोष्ट मराठीत इतक्या शब्दशः क्वचितच घडली असेल, आणि ती घडवणारी बाई बाप्तिस्मा न घेतलेली होती. ख्रिस्ती समीक्षकांनी यात आपला पराभव पाहायचे कारण नाही. गोष्ट सांगणाऱ्यानेच नायक म्हणून परधर्मीय निवडला होता.

अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी शेजारी या शब्दाची हद्द आणखी पुढे नेली. ‘सुवार्ता’चे संपादन, ‘हरित वसई’ची चळवळ आणि ‘सुबोध बायबल’ ही तिन्ही कामे त्यांनी एकच मानून केली. वसईची विहीर आणि वाडीही शेजारी झाली. २०१९ मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा धर्मावरून जो विरोध झाला, तो मराठी पंगतीत अजून कोणाचे पान कुठे मांडले जाते हे दाखवणारा होता. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

या सगळ्या मांडणीत एक मोठी रिकामी जागा आहे. आतापर्यंत आलेली बहुतेक ख्रिस्ती नावे उच्चवर्णातून आलेल्या माणसांची आहेत. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई : तिघेही ब्राह्मण. पण नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या भरल्या त्या महार-मांग वस्त्यांतून आलेल्या माणसांनी. लक्ष्मीबाईंनी पाणी घेतले, ही गोष्ट आपल्याकडे पाणी घेणारीच्या तोंडून आली. पाणी देणारीने काय पाहिले? तिला ती बरोबरी वाटली, की बामणाच्या बाईची कृपा? मंडळीत आल्यावरही जात सुटली नाही, सोयरिकी जुळवताना ती आजही वर येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या; पुढे शीख आणि बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. राज्याच्या दृष्टीने त्यांची जात बाप्तिस्म्याबरोबर संपली. गावाच्या दृष्टीने ती संपली नव्हती.

दलित आत्मकथनांनी मराठीला हादरवले, त्यांत ख्रिस्ती दलित बाईचा आवाज मला अजून सापडलेला नाही. ज्यांच्याकडे तो असू शकतो त्या मिशनच्या बायबलबाया. तुटपुंज्या पगारावर, बगलेत पुस्तक धरून गावोगाव, दारोदार फिरणाऱ्या. त्यांतल्या पुष्कळजणींनी उच्चवर्णीय बायकांच्या ओसरीखाली उभे राहून प्रीतीचा अध्याय वाचून दाखवला असेल. उन्हातून आलेल्या त्या बाईने पाणी मागितले तेव्हा ते कशातून आणि किती उंचावरून ओतले गेले, याची नोंद ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत, मंडळ्यांच्या वह्यांत, नाहीतर राहुरी, वडाळा भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत शोधायला हवी. ते काम नगरकडच्या कोणी तरुणाने लवकर हाती घ्यावे, कारण आठवणी सांगणारी माणसे फार थोडी उरली आहेत.